खालच्या थराची फिर्याद

ही केस मी विसरलेले नाही, आणि विसरावी असं कधी वाटलंही नाही. पोलिसांच्या आठवणी म्हटल्या की लोकांना चाकू, रक्त आणि अंधारी गल्ली लागते. माझ्या या आठवणीत भर दुपारी पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात खाकी गणवेशातल्या दोन महिला शिपाई एका गोविंदा पथकाच्या बायकांशी हात गुंफून उभ्या आहेत, आणि आमचे वरिष्ठ निरीक्षक खिडकीतून डोळे फाडून बघतायत. आठवलं की अजून हसू फुटतं. गुन्हा मात्र हसण्यासारखा नव्हता, म्हणून पहिल्यापासून सांगते. नावं कुणाचीच घेणार नाही.

लालबाग-परळच्या पट्ट्यात मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होते. निवृत्ती तोंडावर आलेली. त्याच पावसाळ्यात नवीन न्याय संहिता लागू झाली होती. सगळी नोकरी ‘तीनशे चोपन्न’ म्हणण्यात गेली, आता विनयभंगाला ‘चौऱ्याहत्तर’ म्हणायचं. ठाणे अंमलदाराच्या टेबलाच्या काचेखाली जुन्या-नव्या कलमांचा तक्ता सरकवलेला असायचा. आमचे एक जुने हवालदार म्हणायचे, “मॅडम, माणसं तीच, नुसते नंबर बदलले.” मी म्हणायचे, नंबर आत्ता बदलले, पण प्रश्न त्याच्या आधीच बदललेत. मी भरती झाले तेव्हा अशी तक्रार घेऊन बाई आली की पहिला प्रश्न तिलाच असायचा: तू तिथे गेलीसच का, ओरडली का नाहीस? मग देशभर संताप उसळला आणि कायदा नव्याने लिहिला गेला. पाठलाग करणं, चोरून बघणं हे स्वतंत्र गुन्हे झाले. विनयभंगाला किमान एक वर्षाची शिक्षा आली. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असं ठरलं. आणि अशी फिर्याद नोंदवून घेतली नाही तर पोलिसालाच तुरुंगवास. नव्या संहितेने हे सगळं तसंच पुढे आणलं. माझ्या मते शेवटची तरतूद सगळ्यात गुणकारी. औषध कडू असलं की लवकर लागू पडतं.

तर एके दिवशी दुपारी दोन मुली आल्या. विशी ओलांडलेल्या, नोकरी करणाऱ्या. एक पुढे, दुसरी तिच्या पाठीमागे. पुढची बोलली.

“मॅडम, एक जनरल विचारायचं होतं.”

जनरल विचारायला पोलीस ठाण्यात कुणी येत नाही. मी चहा सांगितला आणि दोघींना बसवलं.

“म्हणजे समजा हां, एखाद्या मुलीला कुणी नको तिथे हात लावला. पण ती ओरडली नाय, हलली पण नाय. तर केस होते काय?”

“समजा कशाला?” मी म्हटलं. “ती तुझ्या शेजारीच बसलीय ना?”

शेजारची मान खाली घालून रडायला लागली. माझ्या अनुभवात रडणाऱ्या माणसाला ‘रडू नकोस’ म्हणणं ही सगळ्यात मोठी घाई. रडू दिलं. चहा निवला, तो बदलून दुसरा आणला. मग ती बोलली.

दोघी करी रोडला एकाच चाळीत वाढलेल्या. आता चाळीच्या जागी टॉवर उभा राहिलाय आणि दोघी त्यातच, वेगवेगळ्या मजल्यांवर. तिथल्या मंडळाने काही वर्षांपूर्वी बायकांचं दहीहंडी पथक काढलं. त्यात नर्स होत्या, ऑफिसात काम करणाऱ्या होत्या, गृहिणी होत्या, आणि पन्नाशीची एक मालवणी काकी होती. गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सराव सुरू व्हायचा. शिकवायला एक मास्तर होते. पुरुषांची पथकं घडवलेला, वस्तीत मान असलेला माणूस.

ज्यांनी थर खालून पाहिलाय पण आतून पाहिला नाही, त्यांच्यासाठी सांगते. सगळ्यात खाली बायका गोलात हात गुंफून उभ्या राहतात, माना खाली. त्यांच्या पाठीला रेटा द्यायला बाहेरून दुसरं कडं. मग खालच्यांच्या खांद्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. रडणारी मुलगी खालच्या गोलातली. तिच्या खांद्यावर दुसऱ्या थरात ही बोलकी मैत्रीण. त्या संध्याकाळी चार थर लागले होते. बाहेरच्या कड्यात तिच्या पाठीमागची बाई आली नव्हती, तेव्हा मास्तर शिट्टी गळ्यात टाकून स्वतः तिच्या मागे उभा राहिला. आणि थर वर गेला तेव्हा त्याचे हात जिथे असायला नको होते तिथे गेले.

“हलताच येईना,” ती म्हणाली. “माझे दोन्ही हात अडकलेले. वर सगळ्या उभ्या.”

मैत्रीण म्हणाली, “मला दिसलं काहीच नाय, मॅडम. पण हिचा खांदा माझ्या पायाखाली थरथरला ना, तो वजनाचा नव्हता. वजनाने खांदा दबतो. हा शहारला. मी बोंबललेच, खाली घ्या, खाली घ्या. उतरल्या उतरल्या हिला विचारलं, काय झालं गं? तर ही कानात बोलली, मास्तरने हात घातला.”

त्यावर मास्तरने काय करावं? सगळ्यांसमोर फर्मान काढलं: “खालची कच्ची आहे. हिच्यामुळे थर उतरवावा लागला. उद्यापासून हिला काढा.”

“मला केसबिस नकोय,” मुलगी म्हणाली. “मला माझी जागा पाहिजे फक्त. मी तिथे उभी राहायला चार वर्षं घाम गाळलाय. पण तक्रार केली तर अध्यक्ष बायकांचं पथकच बंद करतील. मग बाकीच्यांनी काय पाप केलंय?”

हे तिचं खरं दुखणं होतं. तक्रार केली तर पथक जाणार, नाही केली तर जागा जाणार. दोन्हीकडून तिचंच नुकसान, आणि तो शिट्टी वाजवत मोकळा.

मी म्हटलं, “हे बघ बाय, तू सांगितलंस आणि मी ऐकलं. तू फिर्याद द्यायला तयार असशील आणि मी लिहून घेतली नाही, तर मलाच आत टाकतील. निवृत्तीच्या हाराऐवजी बेड्या घालायच्यात का मला?” ती नाक पुसत हसली. “पण सही तुझी. मनाविरुद्ध एक अक्षर लिहिणार नाही.”

तिने पुन्हा विचारलं, “पण मी ओरडले नाही. ते चालेल?”

मी तिला सरळ सांगितलं. बलात्काराच्या कलमाखाली कायद्याने स्पष्ट लिहिलंय की अंगाने विरोध केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरायचं नाही. ते वाक्य तुझ्या कलमाखाली नाही, खोटं कशाला बोलू? पण तिथलं शहाणपण इथे चालणार नाही असं कुणी लिहिलेलं नाही. न्यायालयाला आपण दाखवून द्यायचं की तू का हलली नाहीस. तिने मैत्रिणीकडे पाहिलं आणि म्हणाली, “लिहा.” गुन्हा नोंद झाला. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही तिचा जबाब झाला.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष हजर. पांढरा शर्ट, दोन मोबाईल.

“मॅडम, आपापसात मिटवू ना. थर म्हटला की हात लागणारच. एवढं सोवळं असेल तर बायकांचं पथकच नको. बंद करून टाकतो. झंझट नको.”

मी म्हटलं, “साहेब, चोरी झाली म्हणून दुकानदाराला दुकान बंद करायला सांगता का तुम्ही? बसा, पाणी प्या.” पाणी पिऊन गेले, पण धमकी तशीच ठेवून गेले. मला राग आला होता, लपवत नाही. या माणसाच्या हातात मैदान होतं, गाद्या होत्या, सुरक्षा दोर होता. त्याने मनावर घेतलं असतं तर त्या पोरीची भीती खरी ठरली असती.

आणि केस कच्ची होती. सरावाचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ समोरून होता. त्यात मैत्रीण दचकून खाली बघते आणि ओरडते एवढं दिसत होतं. पाठीमागचं काही नाही. बाकीच्या बायका म्हणाल्या, आम्ही काही पाहिलं नाही. खोटं बोलत नव्हत्या. माना खाली घालून उभं राहायचं तर दिसणार काय?

तेव्हा मी ठरवलं की आधी मला थर समजला पाहिजे. मैदानावर करून पाहिलं असतं तर टॉवरच्या सगळ्या खिडक्या माणसांनी भरल्या असत्या आणि पोरीकडे बोटं गेली असती. म्हणून बायकांना ठाण्याच्या मागच्या आवारात बोलावलं. ती मुलगी मात्र आत बसली. तिला पुन्हा तिथे उभं करायचं नव्हतं. गोलात दोन जागा कमी पडत होत्या, त्या आमच्या महिला शिपायांनी भरल्या. एक कुरकुरली, “मॅडम, माझ्या कमरेचं काय?” दुसरी मात्र लहानपणापासून वाट बघत असल्यासारखी बूट काढून तयार.

दुसरा थर फक्त दोघींचा चढवला, तेवढा पुरे होता. मी मास्तर झाले, हातात शिट्टी. इतक्यात वरून वरिष्ठांचा आवाज आला, “हे काय चाललंय?”

“तपास, साहेब,” मी म्हटलं.

“करा करा,” म्हणाले, आणि खिडकीतून हलले नाहीत.

मी बाहेरच्या कड्यातल्या एकेकीला विचारत गेले. तुझे हात कुठे? “पुढचीच्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली. पंजा उघडा.” तुझे? “तिथेच.” आणि कमरेला धरलं तर? सगळ्या हसल्या. “कमरेला धरलं की खालची वाकते ना, मॅडम. सगळ्या वरून येतील.”

“बरं. मग मास्तरचे हात कुठे असतात?”

“मास्तरचे? तो मागे उभा राहिला तर त्याचे पण पाठीवर. नायतर त्याचं काम शिट्टीचं.”

“खाली कधीच नाही?”

“खाली कशाला...” असं म्हणता म्हणता ती बाई थांबली. हसणं एकदम विरलं. गोलातून, मान खाली घातलेलीच असताना, काकीचा आवाज आला.

“गे बाये, माका वाटला गर्दीत हात लागलो असतलो.”

मग दुसरी म्हणाली, “मला पण तेच वाटलं.” तिसरीने डोळे पुसले. यांची चूक इथे होती, आणि ती थर लावणाऱ्यांच्याच हातून व्हावी अशी होती. थरात अंगाला अंग लागतंच, त्याचा बाऊ करायचा नाही, ही पथकाची पहिली शिकवण. चांगलीच शिकवण आहे ती. पण तिच्यामुळे प्रत्येकीने स्वतःला समजावलं की गर्दीत झालं असेल. सरावाला मागे गर्दी नसतेच, हे एकीच्याही मनात आलं नाही.

“आणि मी मेल्याक दर आयतवारी घावणे करून घालतंय!” काकी म्हणाली. इतक्या संतापातही सगळ्या फस्सकन हसल्या. आमची कमरेवाली शिपाईसुद्धा.

मी लगेच शिट्टी फुंकली. “आता एकमेकींशी एक शब्द बोलायचा नाही.” एकीचं ऐकून दुसरीने सांगितलं असा आक्षेप न्यायालयात हमखास येतो. सगळ्यांना वेगवेगळं बसवून एकेकीचा जबाब घेतला. त्यात डोळे पुसणारी होती ती अध्यक्षांची बायको. हे मला जबाबाच्या वेळी कळलं.

मास्तरला नोटीस देऊन चौकशीला बोलावलं होतं. इस्त्रीचा सदरा घालून ऐटीत आला. आरोपीशी बोलण्याची माझी पद्धत साधी. ज्याला ज्याचा गर्व, तिथून सुरुवात करायची. मी त्याला थराबद्दल विचारलं. पाया कसा निवडायचा, वजन कसं वाटायचं. गडी खुलला. टेबलावरचे पेपरवेट आणि पेनं रचून मला दाखवायला लागला. मागच्यांनी हात कुठे ठेवायचे? “पाठीवर, मॅडम. कमरेला कधीच नाही. हे मीच शिकवलंय सगळ्यांना.”

“मग त्या दिवशी तुमचे हात खाली कसे गेले?”

सदऱ्याची ऐट उतरली. आधी म्हणाला, गेलेच नाहीत. मग म्हणाला, थर हलत होता, आधार दिला. मग चिडून म्हणाला, “एवढं नको होतं तर तिने हलायचं ना! बाजूला व्हायचं!”

“हलली असती तर काय झालं असतं, मास्तर?”

त्याच्या तोंडून मास्तरच बोलला. “थर कोसळला असता.”

पोलिसासमोर आरोपी जे कबूल करतो ते न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे मला ठाऊक होतं. त्याच्या तोंडून निघालेल्या त्या वाक्याची कागदावर काही किंमत नव्हती. पण मला जे समजायचं होतं ते समजलं, आणि बायकांचे जबाब भक्कम होते. बाहेर पडल्या पडल्या त्याने दोघी-तिघींना फोन करून ‘पोरींनो, मागे घ्या, नाहीतर बघा’ असं सुनावलं. त्यांनी ते लगेच येऊन सांगितलं. साक्षीदारांवर दबाव म्हटल्यावर अटक झाली. जामीन मिळाला, पण पथकाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही या अटीवर.

आता राहिले अध्यक्ष. त्यांच्या घरात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, नवरा-बायकोच्या मध्ये पोलिसांनी पडू नये. एवढं खरं की दोन दिवसांनी गृहस्थ आले, या वेळी एकच मोबाईल, आणि तोही खिशात.

“मॅडम, मैदान चालू आहे. गाद्या नवीन मागवल्यात,” म्हणाले. थोडं थांबून खाली बघत म्हणाले, “मी त्या दिवशी जे बोललो ते... चुकलंच माझं.”

“मला काय सांगता?” मी म्हटलं. “घरी सांगितलंत ना?”

“घरीच सांगितलं आधी,” ते म्हणाले. हा माणूस मला त्या क्षणी आवडला, कबूल करते.

पण खरा प्रश्न होता तो वेगळाच. ती मुलगी परत खालच्या थरात उभी राहणार का? मी विचारलं नाही. विचारायचा हक्क मला नव्हता. गोपाळकाल्याला माझा बंदोबस्त नाक्यावर होता. सकाळपासून ट्रकवर ट्रक, कर्कश भोंगे, पाण्याचे फवारे. दुपारी बायकांचं पथक आलं. पुढे शिट्टी घेऊन काकी. मी टाचा उंचावून बघत होते. गोल बांधला गेला, माना खाली गेल्या, आणि मला कोण कुठे आहे ते ओळखूच येईना. दुसरा थर चढला तेव्हा ती बोलकी मैत्रीण दिसली. चढून झाल्यावर तिने एक क्षण खाली बघितलं आणि हसली. तेव्हा मला कळलं की खाली कोण आहे. चार थर लागले. हंडी त्यांची नव्हती, सलामीच होती नुसती. मी वर्दीत, कामावर, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. शेजारचा शिपाई म्हणाला, “मॅडम, पाणी उडालं वाटतं?” मी म्हटलं, “हो रे बाबा, उडालं.”

दोषारोपपत्र वेळेत गेलं. अशा खटल्याचा निकाल लवकर लागतो असं मी म्हणणार नाही, पण हा त्यामानाने लवकर उभा राहिला. तोपर्यंत मी निवृत्त झाले होते. साक्षीला साडी नेसून गेले, आणि माझी साक्ष संपल्यावर मागे बसून राहिले. उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलांनी नेहमीचा प्रश्न काढला.

“तुम्ही ओरडला नाहीत, हलला नाहीत, हात झटकला नाहीत. म्हणजे तुमची हरकत नव्हती, असं म्हणायचं का?”

मुलगी घाबरलेली होती. पण आवाज निघाला तो स्वच्छ.

“साहेब, माझ्या खांद्यावर बायका उभ्या होत्या. मी हलले असते तर त्यांची हाडं मोडली असती. त्याला ते माहीत होतं. म्हणूनच त्याने ती वेळ निवडली.”

वकिलांनी कागद चाळल्यासारखं केलं आणि म्हणाले, “आणखी प्रश्न नाहीत.” शिक्षा झाली. त्याने वर अपील केलंय, तो त्याचा हक्क आहे. पण निकालाच्या दिवशी त्या बायकांनी न्यायालयाबाहेर जो कल्ला केला, तो ऐकून नाक्यावरचा चहावाला विचारत होता, कुणाचं लग्न ठरलं काय?

एवढ्या नोकरीत मी कलमं पाठ केली, पण कायदा लिहिणाऱ्यांना काय म्हणायचं होतं ते मला या केसने शिकवलं. बाई गप्प राहते तेव्हा तिच्या खांद्यावर कुणीतरी उभं असतं. घर असतं, नोकरी असते, लहान भावंडं असतात. ती हलत नाही ती त्यांच्यासाठी. पूर्वीचा कायदा तिला विचारायचा, तू का हलली नाहीस. आताचा त्या माणसाला विचारतो, तू हात का घातलास. हा बदल व्हायला आपल्याला फार वेळ लागला, पण झाला, आणि माझ्या डोळ्यांदेखत झाला, याचा मला आनंद आहे.

निकालानंतरच्या गुरुपौर्णिमेला पथकाने मला नारळ फोडायला बोलावलं. गेले. नवीन बायका इतक्या आल्या होत्या की मैदानात उभं राहायला जागा नव्हती. शिकवायला उभी होती ती हीच मुलगी. पहिला धडा हात गुंफण्याचा असेल असं मला वाटलं होतं.

“कुणाचाही हात नको वाटला, तर तिथल्या तिथे बोलायचं,” ती म्हणाली. “वर कोण उभंय, किती थर लागलेत, बक्षीस किती, काही बघायचं नाही. आम्ही सावकाश खाली उतरू.”

एका नवख्या बाईने विचारलं, “पण मग थर?”

“थर परत लावता येतो,” ती म्हणाली.